एल्वुडच्या टेबलावरचं घड्याळ

१

क्लेटन हॉस्टेटरनं घड्याळाचं मागचं झाकण तळहातानं फिरवून उघडलं आणि पाहुण्यापुढे धरलं. "मोजा," तो म्हणाला. "तेवीस ज्वेल आहेत. आमच्या सबंध खोऱ्यात असं दुसरं मशीन सापडायचं नाही."

पाहुणा पिट्सबर्गहून आला होता आणि सकाळपासून या घड्याळाची स्तुती ऐकून त्याचे कान किटले होते. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, पाहिलं, पुन्हा पाहिलं. "माफ करा," तो चाचरत म्हणाला, "पण यावर तर सतरा कोरलंय."

कोलरविलच्या फायर हॉलमध्ये, म्हणजे अग्निशमन केंद्राच्या सभागृहात, दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी रेल्वेची जुनी खिशातली घड्याळं जमवणारे जमतात. कुणी निवृत्त ड्रायव्हर, कुणी कंडक्टर, कुणाचा नुसता आजोबा गाडीवर होता. या मंडळींना घड्याळाच्या केसचं, म्हणजे बाहेरच्या डबीचं, कौतुक बेताचं, खरा जीव आतल्या मशीनवर. मशीनच्या चाकांखाली माणकाचे खडे बसवलेले असतात, तेच ज्वेल. सतरा ज्वेलची मशीनं एकेकाळी गावोगाव होती, आजही डझनानं मिळतात. तेवीसचं ते मशीन मात्र क्लेटनच्या वडिलांपासून घरात होतं, आणि क्लेटन स्वतःच्या नातवंडांचे फोटो दाखवत नसे इतक्या हौसेनं ते दाखवत असे.

क्लेटनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो सावकाश कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळला. "हे घड्याळ उन्हाळ्यात दुरुस्तीला गेलं होतं, परत आल्यावर चालतंय म्हणून मी आत डोकावलोच नव्हतो," तो म्हणाला. "एकाच माणसाच्या टेबलावर गेलं होतं."

तो माणूस कॉफीत साखर घालत होता, दुसऱ्यांदा. एल्वुड क्रॅट्झर. या मंडळींची घड्याळं उघडण्यात त्याचं अख्खं आयुष्य गेलं होतं. त्यानं मान वर केली. "मी सतराचंच साफ केलं," तो शांतपणे म्हणाला. "सतराचंच आलं होतं."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. एल्वुडचं काय चाललंय ते गावात कुणापासून लपलेलं नव्हतं. गेल्या वर्षापासून तो नावं विसरायचा, गॅस चालू ठेवायचा, ईस्टरला तर बायकोला बहिणीच्या नावानं हाक मारून मोकळा झाला होता. आता कुणी त्याला चोर म्हटलं असतं तर त्याची बायको वर्ना भांडली तरी असती. पण त्यांच्या चेहऱ्यांवर दया होती, आणि दयेशी भांडणार कसं?

क्लेटनला तेवढीही दया नव्हती. "पुढच्या शनिवारी पुन्हा बसू," तो म्हणाला. "तोवर माझं मशीन मिळालं तर ठीक. नाहीतर मी शेरीफकडे जाईन."

२

वर्नानं घर उलटंपालटं केलं. गॅरेजमधलं एल्वुडचं टेबल, त्याचे खण, खिळ्यांचे डबे, कोटांचे खिसे, शेवटी पिठाचा डबासुद्धा, कारण मागे एकदा त्याचा चष्मा त्यात सापडला होता. एल्वुड दारात उभा राहून तिची धावपळ बघत होता.

"तू काय शोधतेस?"

"क्लेटनचं मशीन."

"ते इथे आलंच नव्हतं, वर्ना."

"बरं," ती म्हणाली आणि पुढचा खण ओढला.

वर्ना नोकरीत होती तेव्हा रेल्वेची डिस्पॅचर होती. एका खोलीत बसून फोनवरून गाड्यांना वाट द्यायची, कोणती गाडी कुठे थांबेल, कोणती आधी सुटेल हे ठरवायचं. तिच्या हाताखाली कधी दोन गाड्या समोरासमोर आल्या नाहीत. कुणाच्या बोलण्यावर विसंबायचं नाही, सगळं पडताळून घ्यायचं, ही तिची सवय. पण गेल्या वर्षभरात नवऱ्याच्या बाबतीत तिनं पडताळणंही सोडून दिलं होतं. तो काही म्हणाला की "बरं" म्हणायचं आणि आपल्याला योग्य वाटेल ते करायचं.

दुपारी लॉयड राइबर आला, हॅम आणि बीन्सच्या सुपाचं पातेलं घेऊन. लॉयड पूर्वी कंडक्टर होता, एल्वुडचा शाळेपासूनचा दोस्त. एल्वुडनं गाडी चालवणं सोडल्यापासून डॉक्टरकडे नेणं-आणणं लॉयडकडेच होतं. मंडळींची घड्याळं गोळा करून एल्वुडकडे आणायची आणि झाली की घरोघर पोचवायची, हेही तोच करायचा. लॉयड नसता तर आपले हाल कुत्र्यानं खाल्ले नसते, असं वर्ना सगळ्यांना सांगत असे.

तो एल्वुडशेजारी खुर्ची ओढून बसला. "हे बघ, म्हाताऱ्या," तो मायेनं म्हणाला, "घाबरायचं काही कारण नाही. आपण दोघं मिळून आठवू. मी क्लेटनचं घड्याळ घेऊन आलो. तू इथेच बसला होतास. आठवतंय?"

"हिरवा शर्ट होता तुझा," एल्वुड म्हणाला.

"शाब्बास. मी तुझ्या हातात घड्याळ दिलं. तू काय केलंस?"

एल्वुडनं कपाळ चोळलं.

"कानाला लावलंस. नेहमी लावतोस तसं. डोळे मिटलेस, बराच वेळ ऐकत राहिलास. मग म्हणालास..."

"म्हणालो, काय सुरात चाललंय लेकाचं," एल्वुड म्हणाला आणि त्याचा चेहरा उजळला. "हो. हो, लावलं होतं कानाला."

"बघ, आठवलं की नाही? मग तू उघडलंस आणि म्हणालास, तेवीस, क्लेटनचा जीव आहे यात."

एल्वुडचा चेहरा पुन्हा विझला. "ते नाही आठवत."

"कानाला लावलेलं तरी कुठे आठवत होतं?" लॉयड हळूच म्हणाला.

एल्वुडनं आपले हात उलटसुलट करून पाहिले. मग त्यानं खिशातून टेबलाच्या खणांची किल्ली काढली आणि वर्नापुढे ठेवली. "कुलूप लावून टाक. तेवीसचंच आलं असेल. मीच कुठेतरी घालवलं असेल. शनिवारी उभा राहून सांगून टाकतो, मी केलं म्हणून. मग रोज रोज आठवत बसायला नको."

लॉयडनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. वर्नानं मात्र किल्लीला हात लावला नाही. घड्याळ गेलं, चुलीत जावो. पण चार माणसांत उभा राहून एकदा हा माणूस म्हणाला, की माझं डोकं माझं राहिलं नाही, तर त्यानंतर तो स्वतःच्या कुठल्याच गोष्टीवर कधी विश्वास ठेवणार नाही. उद्या तिनं त्याला त्याचं नाव वेगळं सांगितलं तरी तो "बरं" म्हणेल. त्या दिवशी त्यानं सूप तोंडाला लावलं नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

३

शनिवारच्या आत खरं काय ते काढायचं, एवढंच वर्नानं ठरवलं. खरं काढलं आणि ते एल्वुडच्याच अंगावर आलं तर? तो विचार तिनं पुढे जाऊ दिला नाही.

क्लेटननं तिला दारातच अडवलं. "माफी मागायला आली असशील तर परत जा."

"घड्याळ बघायला आलेय."

"बघ. हात लावायचा नाही." त्यानं स्वतःच झाकण उघडून तिच्यापुढे धरलं, लहान मुलाला सुरी दाखवावी तसं, दोन हात लांबून.

वर्नानं चष्मा सावरला. झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेली बारीक खूण होती, आडव्या रेघेची. एल्वुडची खूण. तो साफ केलेल्या प्रत्येक घड्याळात ती करायचा. म्हणजे हे घड्याळ त्याच्या टेबलावरून गेलं होतं हे नक्की. मग तिची नजर मशीनच्या कडेला गेली. मशीन केसमध्ये दोन स्क्रूंनी आवळलेलं असतं. त्या स्क्रूंची डोकी केसच्या कडेत रुततात आणि वर्षानुवर्षांनी तिथे चावा घेतल्यासारखा व्रण पडतो. दुसरं मशीन बसवलं तर त्याचे स्क्रू सहसा भलतीकडे येतात, आणि जुने व्रण तसेच उघडे पडतात. हे या मंडळींतलं शेंबडं पोरही सांगेल. पण रागानं आंधळा झालेला मालक आपल्या घड्याळाची कड कशाला बघतोय?

"क्लेटन, व्रण किती आहेत?"

त्यानं नाक मुरडलं, पण वाकून पाहिलं. "दोन."

"दोन्ही स्क्रूंच्या खाली. उघडा व्रण एकही नाही. या केसमध्ये हेच मशीन पहिल्यापासून आहे. तुझं मशीन कुणी बदललेलं नाही, क्लेटन. घड्याळच सबंध बदललंय. पाठीवर असं इंजिन कोरलेल्या केस कारखान्यानं पोत्यांनी काढल्या होत्या."

क्लेटन घड्याळ उलटंपालटं करत राहिला. "चकचकीत दिसली खरी," तो पुटपुटला. "मला वाटलं एल्वुडनं पॉलिश करून दिली."

वर्नाचा जीव भांड्यात पडला. एल्वुडनं मशीन काढून कुठेतरी ठेवलं आणि विसरला, ही सगळी कहाणीच कोसळली होती. ती हसणार, एवढ्यात क्लेटननं झाकण बंद केलं आणि तिच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत आता राग नव्हता, किळस होती.

"म्हणजे कुणीतरी हुबेहूब जोड शोधून आणला," तो म्हणाला. "आधीपासून ठरवून. विसरभोळा माणूस असलं करत नाही, वर्ना. चोर करतो. आणि आत खूण तुझ्या नवऱ्याची आहे."

दार बंद झालं. नवऱ्याला वाचवायला आलेल्या बाईनं त्याच्या गळ्यातला फास स्वतःच्या हातानं आवळला होता.

४

जुन्या मालधक्क्यावर पेल्झारचं दुकान होतं. कंदील, टोप्या, शिट्ट्या, तिकिटं कापायचे चिमटे आणि ट्रे भरभरून घड्याळं. गावात काही नाहीसं झालं की लोक पहिलं नाव पेल्झारचं घेत, आणि त्याला त्याची सवय झाली होती.

"ये, डिस्पॅचर," तो म्हणाला. "इतका वेळ कसा लागला? मला वाटलं शनिवारीच माझी झडती घ्यायला येशील."

"तुझ्याकडे पाठीवर इंजिन कोरलेलं, सतरा ज्वेलचं घड्याळ होतं का?"

"अशी होती, आहेत आणि असतील. उशाला घेऊन झोपतो मी."

"चेष्टा नको, पेल्झार. तो जेवत नाहीये."

पेल्झारनं हातातलं फडकं खाली ठेवलं. "मला विचारू नकोस," तो म्हणाला. "तुला ऐकवणार नाही."

"कुणी नेलं?"

"वसंतात नेलं. मुद्दाम क्लेटनच्या घड्याळासारखं हवं होतं. तबकडी तशीच, काटे तसेच. मी दोन-तीन दाखवली तेव्हा एक पसंत पडलं. मला संशय आला नाही, म्हटलं, कुणाला हौस असते." तो थांबला. "लॉयड घेऊन गेला. पण त्याच्यासाठी नव्हतं ते. एल्वुडला हवंय म्हणाला."

वर्ना तिथून थेट लॉयडच्या घरी गेली. तो अंगणात पानं गोळा करत होता. तिचा चेहरा पाहून त्यानं खराटा भिंतीला टेकवला.

"पेल्झारकडे गेली होतीस," तो म्हणाला.

"खरं आहे का ते?"

लॉयडनं टोपी काढली, तिची कड बोटांनी चाचपत राहिला. "तुला कळू नये असं फार वाटत होतं गं. त्यानं सांगितलं, आण. मी आणलं. कशाला हवंय ते विचारलं नाही. दोस्ताला कोण विचारतं? नंतर क्लेटनच्या घड्याळाचं ऐकलं आणि माझी झोप उडाली." त्याचे डोळे भरून आले होते. "त्याला शनिवारी बोलू दे, वर्ना. आजारी माणूस आहे. लोक समजून घेतील. क्लेटनलाही मी समजावतो."

ती घरी आली तेव्हा एल्वुड स्वयंपाकघरात बसला होता. पुढे सकाळची अंडी तशीच गार पडली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, हा माणूस चोर असेल का? आजारानं माणसं बदलतात, डॉक्टरच म्हणाले होते. तिला स्वतःची लाज वाटली आणि तरीही तो विचार जाईना. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंडात टॉवेलचा बोळा धरून रडली.

५

शुक्रवारी सकाळी ती पुन्हा क्लेटनच्या दारात उभी होती. या वेळी भांडायला नव्हे, पदर पसरायला.

"एल्वुडच्या संग्रहातलं तुला हवं ते घे," ती म्हणाली. "हवी तेवढी घे. फक्त शेरीफकडे जाऊ नकोस. तो तुरुंगात एक आठवडा जगायचा नाही."

क्लेटननं तिला आत घेतलं. बहुधा रात्रभर त्यालाही झोप लागली नसावी. त्यानं कॉफी ओतली आणि समोर बसला. "मला त्याची घड्याळं नकोत," तो म्हणाला. "मला माझं हवं. आणि खरं सांगू? निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. हातातून मी पाडलं नसतं तर ते घराबाहेर गेलंच नसतं."

"पाडलं?"

"गॅरेजच्या फरशीवर. पेल्झारला दाखवायला काढलं आणि निसटलं. त्यानंच उचललं, भिंग लावून पाहिलं. तेवीसच्या तेवीस खडे शाबूत, पण बॅलन्सचा, त्या मागेपुढे डुलणाऱ्या चाकाचा, आस मोडलेला. चाक लुळं पडलं होतं." क्लेटननं कप खाली ठेवला. "माझ्या वडिलांपासून त्याची टिकटिक ऐकत आलोय मी, वर्ना. त्या दिवशी कानाला लावलं तर मुकं. ठार मुकं. संध्याकाळी लॉयड आला आणि तसंच घेऊन गेला."

वर्नाचा कप ओठांशीच थांबला.

"पुन्हा सांग," ती म्हणाली.

"काय?"

"लॉयडच्या हातात दिलंस तेव्हा ते चालत होतं का?"

"आस मोडल्यावर कसं चालेल? तुला मी सांगायला हवं का हे?"

तिनं कप ठेवला. इतके दिवस ती एल्वुडच्या डोक्यात काय राहिलं नाही ते शोधत होती. जे राहिलं होतं, त्याच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"उद्या मी विचारेन तेव्हा हेच सांगशील?" ती म्हणाली. "आत्ता मला काही विचारू नकोस. आणि शेरीफकडे जायचं असेल तर उद्यानंतर जा."

६

शनिवारी एल्वुडनं टाय बांधला. गाठ तीनदा चुकली तेव्हा लॉयडनं ती बांधून दिली. फायर हॉल भरला होता. खुर्च्यांची खरखर थांबली तसा एल्वुड उठला आणि दोन्ही हात टेबलावर टेकवून उभा राहिला.

"मला एवढंच सांगायचंय," त्यानं सुरुवात केली, "की क्लेटनचं घड्याळ..."

"थांब, एल्वुड," वर्ना म्हणाली. "तुझ्याआधी लॉयडला बोलू दे. लॉयड, त्या दिवशी तू घड्याळ आणून दिलंस ते सगळ्यांना सांग. मला सांगितलंस तसंच."

लॉयडनं तिच्याकडे जरा आश्चर्यानं पाहिलं. "त्याला किती छळायचं, वर्ना?"

"सांग तू."

"काय सांगायचं? मी घड्याळ त्याच्या हातात दिलं. त्यानं कानाला लावलं. बिचारा अजून सगळं विसरलेला नाही, हे त्याला आठवतंय."

"काय सुरात चाललंय लेकाचं," एल्वुड म्हणाला. "असं म्हणालो मी."

"असंच म्हणाला," लॉयडनं मान डोलावली.

"म्हणजे यात दोघांचं एकमत आहे," वर्ना म्हणाली. "क्लेटन, घड्याळ दुरुस्तीला का दिलं होतंस?"

"पडून बॅलन्सचा आस मोडला होता," क्लेटन म्हणाला. बोलता बोलताच त्याचं तोंड उघडं राहिलं. तो हळूहळू लॉयडकडे वळला.

"पेल्झार, तू भिंगातून पाहिलंस?"

"पाहिलं," मागच्या रांगेतून पेल्झार म्हणाला. "लाकडाच्या ओंडक्याला कान लावला असता तर जास्त ऐकू आलं असतं."

इथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं, तरी वर्नानं सगळं नीट सांगितलं. तिला ते एका माणसाला ऐकवायचं होतं. "क्लेटनच्या घरून मुकं घड्याळ निघालं. आमच्या घरी पोचलं ते सुरात चालत होतं. मधे दुसरं स्टेशन नाही, गाडीवर दुसरा माणूस नाही. पेल्झारकडचा जोड लॉयडनंच घेतला होता. नाव एल्वुडचं सांगितलं, कारण एल्वुडनं नाही म्हटलं तरी ते कोण खरं मानणार होतं? एल्वुडकडे तो जोडच आला. त्यानं तो साफ केला, आपली खूण केली आणि परत दिला. पहिल्या दिवशी, इथेच, तो हेच म्हणाला होता. सतराचंच आलं होतं."

"मी विचारलं होतं," एल्वुड अचानक म्हणाला. तो अजून उभाच होता. कपाळावर आठ्या घालून तो लॉयडकडे बघत होता, दूरची पाटी वाचावी तसा. "मी उघडलं आणि म्हटलं, लॉयड, क्लेटनचं तर तेवीसचं आहे. तू म्हणालास, सतराचंच होतं, तू विसरलास. हिरवा शर्ट होता तुझा." तो थांबला. "मग मी म्हटलं, असेल."

लॉयडनं नाही म्हटलं नाही. त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशात हात घातला आणि कातड्याच्या पिशवीतलं घड्याळ टेबलावर ठेवलं.

"माझ्या बापाचं होतं ते," तो म्हणाला. आवाज इतका बारीक होता की मागच्या लोकांना पुढे वाकावं लागलं. "जन्मभर त्याच्या खिशात होतं. तो गेला आणि आईनं क्लेटनच्या वडिलांना देऊन टाकलं. मी तेव्हा शाळेत होतो. क्लेटनला मी किती वेळा मागितलं असेल. तो हसायचा. पाहुण्यांना दाखवायचा आणि माझ्यादेखत हसायचा."

"तुझ्या बापाचं?" क्लेटन म्हणाला. "हे तू मला कधी सांगितलंस?"

"सांगायला कशाला हवं? सगळ्या गावाला माहीत होतं." लॉयडनं घड्याळाकडे पाहिलं. "अजून मुकंच आहे. दुरुस्तीला देणार कुणाकडे?"

वर्ना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"घड्याळ नेलंस ते मी समजू शकले असते," ती म्हणाली. "पण तू सूप घेऊन आलास. त्याच्या शेजारी बसलास. त्याच्याजवळ अजून शिल्लक होती ती एक खरी गोष्ट त्याच्याच तोंडून वदवून घेतलीस आणि तिला आपलं खोटं चिकटवलंस. मी तुझे आभार मानत होते, लॉयड."

लॉयडनं टोपी उचलली. दारापाशी तो क्षणभर थांबला, एल्वुडकडे वळून पाहिलं, आणि निघून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. शेरीफचं नावही त्या दिवशी कुणी काढलं नाही.

क्लेटन उठून टेबलाजवळ आला. मग त्यानं ते मुकं घड्याळ टेबलावरून एल्वुडपुढे सरकवलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "हे तूच दुरुस्त कर. दुसऱ्या कुणाच्या हातात मी ते देणार नाही."

एल्वुड खाली बसला. त्यानं झाकण फिरवून उघडलं, पेल्झारकडून भिंग मागून घेतलं आणि मशीनवर वाकला. बोट लावून त्यानं बॅलन्सचं चाक हळूच हलवून पाहिलं. चाक लटकलं आणि तिथेच राहिलं. सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. हात थरथरत होते, थांबत होते, पुन्हा थरथरत होते.

त्यानं भिंग काढलं. "मी नाही करणार," तो म्हणाला.

"अरे, तू नाही तर कोण?" क्लेटन म्हणाला.

"आस केसाएवढा असतो. हे हात तो बसवताना बाकीचंही मोडतील. दुसरं कुणीतरी बघ."

वर्ना घाईघाईनं त्याच्याजवळ गेली. आत्ताच तर त्याला त्याचं सगळं परत मिळालं होतं. "असं नको म्हणूस," ती म्हणाली. "जमेल तुला. मी सांगते ना, जमेल. घरी जाऊ, निवांत बघू."

एल्वुडनं तिचा हात आपल्या हातात घेतला. त्याचे डोळे कितीतरी दिवसांनी स्वच्छ होते.

"मी विसरलोय म्हणून म्हणत नाहीये, वर्ना," तो म्हणाला. "मला कळतंय म्हणून म्हणतोय. माझं ऐक."

तिच्या ओठांवर ते नेहमीचं "बरं" आलं होतं. तिनं ते गिळलं. मग टेबलावरचं घड्याळ उचललं, झाकण लावलं आणि क्लेटनच्या हातात परत दिलं.